कालवांची उगवण कोण मोजणार?

नवापूर-दांडीच्या किनाऱ्याला मेलेली मासळी लागली की बोभाटा होतो. कालवांचं नुकसान मात्र पंचनाम्यात येत नाही. कालव आपलं बीज थेट पाण्यात सोडतं. अंडं तिथंच फळतं आणि दिवसाभरात पिल्लावर पहिला शिंपला धरू लागतो. पाण्यातलं तांबं किंवा पारा अगदी थोडा असला तरी हे पिल्लू बिघडतं. मोठं कालव तगतं, उगवण बुडते. पोचट बियाण्याचा फटका शेतकऱ्याला वेगळा सांगायला नको.

तारापूर औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जातं. २०१६ साली मांगेला समाज परिषदेने हरित लवादाकडे दाद मागितली. २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांना भरपाई ठोठावली. पण नुसत्या भरपाईने खडकावर कालवं धरत नाहीत.

पाणी वाहून जातं, धातू गाळात आणि कालवांच्या अंगात साठतो. म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याबरोबर तेही दरवर्षी तपासावं. ग्रामपंचायतींनी ओहोटीला कालवं काढणाऱ्या बायांना घेऊन खडकावरची नवी कालवं मोजावीत आणि आकडे ग्रामसभेत वाचावेत. नोंदच नसेल तर उद्या साहेब विचारतील, इथं कालवं होती कधी?