पाचशे चाळीस उठाबशा

दिवसाची नव्वद षटकं म्हणजे 540 चेंडू. विकेटकीपर प्रत्येक चेंडूला बसतो आणि उठतो. आमच्या वेळी शाळेत याला शिक्षा म्हणत. नंदुरबारच्या मैदानांवर आजही टीम पाडताना ग्लोव्हज घालायला कोणी पुढे येत नाही. ज्याला धड बॅटिंग नाही की बॉलिंग नाही, तो स्टंपांमागे ढकलला जातो. सॉफ्टबॉलच्या कॅचरची गत तीच, फक्त त्याच्या तोंडावर जाळी असते.

या उठाबशांवर कारकीर्द काढणारा माणूस म्हणजे कल्याणचे सुलक्षण कुलकर्णी. मुंबई, रेल्वे, आसाम, मध्य प्रदेश, विदर्भ असे पाच संघ, प्रथम श्रेणीचे 65 सामने, आणि भारताची टोपी नाही. संघात फलंदाज सहा लागतात, कीपर एकच. तेव्हा मुंबईत चंद्रकांत पंडित, पुढे समीर दिघे. भारताकडे आधी किरण मोरे, मग नयन मोंगिया. दोघेही आपल्या शेजारच्या बडोद्याचे. रांगेत ताटकळायचं नसेल तर बिऱ्हाड हलवायचं.

अशा खेळाडूला लोक ‘फिरस्ता’ म्हणतात, जरा नाक मुरडूनच. मला ते पटत नाही. संघ बदलला तरी फलंदाजाची बॅट तीच असते. कीपरला मात्र सगळे बॉलर नवे. कुणाचा चेंडू टप्प्यानंतर खाली राहतो, कुणाचा उशिरा वळतो, हे तळव्यांना शिकावं लागतं. चुकलं की बोट सुजतं. पाच ठिकाणी ही शिकवणी झालेल्या माणसाला खेळ कळणारच. जानेवारी 2013 मध्ये मुंबईने वानखेडेवर सौराष्ट्राला एक डाव आणि 125 धावांनी हरवून चाळिसावी रणजी जिंकली, तेव्हा प्रशिक्षक कुलकर्णीच होते.

मार्च 2024 मध्ये ते तमिळनाडूकडे होते. उपांत्य सामन्यात मुंबईविरुद्ध टॉस जिंकून बॅटिंग घेतली आणि संघ 146 धावांत आटोपला. आधी बॉलिंग घ्यायला हवी होती, असं ते हरल्यावर उघड बोलले. मुद्दा बरोबर होता. पण कर्णधाराची चूक चारचौघांत काढायला नको होती. स्टंपांमागून सतत बोलायची सवय, दुसरं काय!

आता एक विनंती. यंदा किटची वर्गणी काढाल तेव्हा बॅट येईलच. यादीत कीपिंग ग्लोव्हजच्या दोन जोड्या आणि आतले सुती इनर आधी लिहा. त्यातली एक जोडी लहान पोरांच्या मापाची हवी.