हाकेच्या अंतरावरचं नार्कन

केन्सिंग्टन आणि ॲलेगेनी हे रस्ते जिथे मिळतात, तिथल्या रेल्वेपुलाखालून आपल्यापैकी बहुतेकजण गाडीच्या काचा वर करून जातात. फिलाडेल्फियाच्या याच वस्तीत मार्च २०१९ ते फेब्रुवारी २०२० या काळात ड्रेक्सेल आणि बार-इलान विद्यापीठांच्या संशोधकांनी ‘युनिटीफिली’ नावाच्या ॲपचा प्रयोग केला. कुणी निपचित पडलेलं दिसलं की फोनवर बटण दाबायचं. आसपासच्या स्वयंसेवकांचे फोन वाजतात, ज्याच्याकडे ओव्हरडोसवरचं नार्कन हे औषध असेल तो धावतो, आणि तेवढ्यात दुसरीकडून ९११शी संपर्क साधला जातो.

स्वयंसेवक होते ११२. त्यांतले जवळजवळ निम्मे स्वतः ओपिऑइड (अफूच्या वर्गातली नशेची द्रव्यं) घेणारे. नाक मुरडण्याआधी पुढचे आकडे वाचा. वर्षभरात २९१ वेळा हाक गेली. ८९ वेळा ती खोटी ठरली, म्हणजे कुणी नुसतंच झोपलेलं वगैरे. (झोपलेल्याला चारदा हलवून उठवलं तर काय बिघडलं?) उरलेल्यांपैकी ७४ प्रसंगी सामान्य माणसांनी औषध दिलं, आणि त्यांतली ७१ माणसं शुद्धीवर आली. ४४ वेळा तर ते औषध रुग्णवाहिकेच्या पाच किंवा त्याहून जास्त मिनिटं आधी नाकात गेलं होतं.

ती पाच मिनिटं म्हणजेच सगळं. फेंटॅनिल हे जालीम ओपिऑइड मेंदूतल्या श्वसनकेंद्रालाच गुंगी आणतं. छाती हलेनाशी होते, ओठ निळे पडतात, आणि प्राणवायूविना मेंदू काही मिनिटंच तग धरतो. नार्कन, म्हणजे नालोक्सोन, त्या फेंटॅनिलला हुसकावून त्याची जागा घेतं आणि श्वास परत सुरू होतो. शरीरात ओपिऑइड नसेल तर ते काहीच करत नाही, अपायही नाही. त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, म्हणून ९११ला फोन हवाच. हल्ली मालात झायलझिनसारखी जनावरांची गुंगीची औषधं मिसळलेली असतात. अशा वेळी माणूस डोळे उघडत नाही, तरी श्वास चालू झाला की औषधाने काम केलं असं समजायचं.

मार्च २०२३मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नार्कन चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी दिली. दोन फवाऱ्यांचा डबा साधारण ४५ डॉलरला. फुटपाथवर राहणारा माणूस हे पैसे आणणार कुठून? त्याच्या खिशात ते येतं फुकट वाटणाऱ्या संस्थांकडून, आणि गदा आली आहे ती नेमकी त्यांच्यावर. फिलाडेल्फियाने २०२४च्या अंदाजपत्रकात सुया बदलून देण्याच्या कामाचा पैसा थांबवला. जुलै २०२५च्या अध्यक्षीय आदेशाने ‘हार्म रिडक्शन’च्या, म्हणजे नशेतून होणारी हानी कमी करण्याच्या कामाच्या, केंद्रीय अनुदानावर बंधनं आणली. नार्कनला त्यात मनाई नाही हे खरं. पण नार्कन वाटणारे हात याच संस्थांचे आहेत. ते बांधले तर ॲपवरची हाक ऐकून रिकाम्या खिशाचा माणूस धावेल.

पैसा नाही, असं मात्र कुणी सांगू नये. ओपिऑइडच्या खटल्यांत औषध वितरक आणि जॉन्सन अँड जॉन्सन यांच्याशी २०२२मध्ये पक्की झालेली तडजोडच २६ अब्ज डॉलरची आहे, आणि पेन्सिल्व्हेनियात त्यातला बराचसा वाटा काउंट्यांकडे येतो. संशोधनाचं अनुदान आज असतं, उद्या संपतं. स्वयंसेवकांचं जाळं त्याच्या भरवशावर टिकत नाही. या पैशावर मात्र ते वर्षानुवर्षं चालू शकेल.

म्हणून आपल्या मंडळातल्या सगळ्यांना विनंती आहे. एडिसन, चेरी हिलकडच्यांनी जवळच्या औषधाच्या दुकानात चौकशी करावी: न्यू जर्सीत १४ वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या कुणालाही, नाव न सांगता, नालोक्सोन फुकट देणारी कितीतरी दुकानं आहेत. कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या दप्तरातही एक डबा असू द्या, ‘आपल्याकडचे नाहीत त्यातले’ असं म्हणत न बसता. आपल्यातल्या डॉक्टर-फार्मासिस्ट मंडळींनी पुढच्या कार्यक्रमात अर्धा तास काढून फवारा कसा मारायचा ते दाखवावं. मदत करणाऱ्याला पेन्सिल्व्हेनियाच्या २०१४च्या कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा ती धास्ती नको.

आणि काउंटीच्या जाहीर बैठकीला जा. नागरिकांची पाळी आली की उभं राहून विचारा: तडजोडीच्या पैशातून यंदा नार्कन किती घेतलं, आणि त्यातलं किती केन्सिंग्टनसारख्या वस्त्यांतल्या स्वयंसेवकांच्या हातात पडलं? उत्तर लेखी मागा.