विक्रेत्यालाही न्याय हवा

सिल्लोडच्या मिरची बाजारात माल काट्यावर चढतो, वजन लिहिले जाते, हिशोबपट्टी हाती पडते. उद्या वाद झालाच, तर कागद बोलतो. त्याच गावातील एखादा शिक्षक स्पर्धा परीक्षांची टिपणे ई-पुस्तक म्हणून विकू लागला, तर त्याच्यापाशी कोणती पट्टी असते? ग्राहकाने पुस्तक डाउनलोड करावे आणि 'हा व्यवहार मी केलाच नाही' अशी तक्रार कार्ड देणाऱ्या बँकेकडे करावी. 'चार्जबॅक'च्या मार्गाने रक्कम विक्रेत्याकडून परत जाते, वर शुल्काचा भुर्दंड. पुस्तक मात्र परत येत नाही.

ग्राहकाला संरक्षण हवेच. बिंदुमाधव जोशी यांनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, 1986 मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला, तो याच जाणिवेतून. परंतु चोरलेल्या कार्डाचा खरा बळी कोण आणि पुस्तक वाचून पैसे मागणारा लबाड कोण, हे ठरवताना पुराव्याचा भार विक्रेत्यावरच पडतो. मोठी कंपनी हे नुकसान पचवते. तालुक्याच्या गावातील नवउद्योजक त्यात बुडतो.

म्हणूनच रक्कम कायमची वळती करण्यापूर्वी विक्रेत्याचे म्हणणे ऐकणे आणि निर्णयाची कारणे लेखी देणे बँकांवर बंधनकारक असावे. विक्रेत्यानेही मागणी, देयक, डाउनलोडची वेळ आणि परतीच्या अटी यांची नोंद जपावी. शेतकऱ्याला हिशोबपट्टी, तशी त्याला ही नोंद. व्यवहार दोघांचा असतो. न्यायही दोघांना मिळाला पाहिजे.