जुन्या मालमोटारीचा तेलाचा एअर क्लीनर बदलावा काय?

ऊस, कांदा व भुसार माल वाहून नेणाऱ्या जुन्या मालमोटारी ग्रामीण भागात अजूनही दृष्टीस पडतात. १९५४ साली जमशेदपूर येथे टाटा-मर्सिडीज-बेंझ मालमोटारींची निर्मिती सुरू झाली. त्या काळच्या डिझेल इंजिनांवर हवा गाळण्यासाठी बहुधा तेलाचा, म्हणजे ऑईल बाथ पद्धतीचा एअर क्लीनर असे. तो काढून त्या जागी कागदी फिल्टर बसवून घेण्याकडे काही मालकांचा कल असतो. हा बदल सरसकट हितावह आहे, असे मात्र म्हणता येणार नाही.

एक लिटर डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे १०,००० लिटर हवा लागते. कच्च्या रस्त्यावर या हवेबरोबर बारीक माती आत शिरली, तर लायनर, पिस्टन व रिंगा कानशीने घासल्याप्रमाणे झिजतात. इंजिन तेल खाऊ लागते आणि ऐन गाळप हंगामात मालमोटार दुरुस्तीसाठी उभी राहते. हंगामाची कमाई त्या दुरुस्तीतच खर्ची पडते.

तेलाच्या क्लीनरमध्ये हवा मधल्या नळीतून खाली येऊन तेलावर आपटते व एकदम वर वळते. जड धूळ तेलात राहते. उडालेल्या तेलाने भिजलेली वरची जाळी उरलेली बरीचशी धूळ धरून ठेवते. कागदी फिल्टर याहून बारीक धूळ अडवितो आणि इंजिन मंद चालत असता तेलाच्या क्लीनरची कार्यक्षमता घटते, हे खरे. परंतु कागद फाटला किंवा त्याची कड डब्यात घट्ट बसली नाही, तर हा लाभ नाहीसा होतो. नवा फिल्टर वेळेवर मिळत नाही म्हणून चोंदलेलाच फिल्टर आपटून पुनःपुन्हा वापरला जातो. तेल मात्र गावोगाव मिळते.

म्हणून प्रथम आहे त्या क्लीनरची निगा राखावी. धुळीच्या दिवसांत इंजिन बंद करून तेलाची वाटी रोज पाहावी. तळाशी सुमारे १ सें.मी. गाळ साचला किंवा तेल घट्ट झाले, की वाटी धुऊन इंजिनासाठी सांगितलेल्या दर्जाचे स्वच्छ तेल खुणेपर्यंत भरावे. जाळी डिझेलमध्ये धुऊन पूर्ण निथळू द्यावी. खुणेच्या वर तेल कदापि भरू नये. जादा तेल आत ओढले गेल्यास डिझेल इंजिन बेफाम धावू लागण्याचा धोका असतो.

वाटी गंजून भोके पडली किंवा सुटे भाग मिळेनासे झाले, तर बदल अवश्य करावा. मात्र फिल्टर इंजिनाला लागणाऱ्या हवेच्या मानाने पुरेसा मोठा असावा. लहान फिल्टरने हवा कमी पडते, काळा धूर येतो व डिझेल अधिक लागते. फिल्टरपासून इंजिनापर्यंतचा रबरी पाइप व त्याचे क्लॅम्प घट्ट असावेत. काही दिवसांनी हा पाइप काढून आतून पांढऱ्या फडक्याने पुसावा. फडक्यावर धूळ आली, तर हवा न गाळता कोठून तरी शिरत आहे, असे समजावे. कागदी फिल्टरला तेल लावू नये व एक नवा फिल्टर नेहमी जवळ बाळगावा.

जुन्या ट्रॅक्टरलाही हेच लागू आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी मालकांसमवेत ही वाटी एकदा उघडून पाहावी. केवळ देखभालीचा कंटाळा म्हणून केलेला बदल इंजिनाला वाचविणार नाही; कागदी फिल्टरकडेही तितकेच लक्ष द्यावे लागते.