आईच्या इन्सुलिनच्या सुया कुठे जातात?



गेल्या भारतवारीत पुण्याला आईकडे महिनाभर होते. आईचा मधुमेह जुना, दिवसातून दोनदा इन्सुलिन. मी तिथे असेपर्यंत इंजेक्शन द्यायचं काम अर्थातच माझ्याकडे. इंजेक्शन झालं की सुई ओट्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात. आई वर्षानुवर्षं तेच करत होती, मीही तेच केलं.

तिसऱ्या आठवड्यात कचरा न्यायला येणाऱ्या बाई दारात थांबल्या. बोटाला चिंधी बांधलेली. म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडे सुया निघतात का हो? काल कचरा निवडताना टोचली."

ती सुई आमच्याच घरची होती का, हे कधीच कळणार नाही. पण "आमची नव्हती" असं मी छातीठोकपणे सांगू शकले नाही. आणि मी काम काय करते? कॅलिफोर्नियात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी! सुई कुठे टाकायची याचं प्रशिक्षण मला दर वर्षी मिळतं. ते ज्ञान मी बहुधा विमानतळावरच ठेवून आले होते.

बाईंना डॉक्टरांकडे नेलं, रक्त तपासलं, हेपटायटिस बीची लस सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे मला पाठ आहेत. संसर्ग असलेल्या रुग्णाची सुई टोचली तर हेपटायटिस बी होण्याची शक्यता 30 टक्के, हेपटायटिस सी 1.8 टक्के आणि एचआयव्ही 0.3 टक्के. आईला यातलं काही नाही. पण कचऱ्याच्या ढिगात हात घालणाऱ्या बाईला सुई कोणाची हे कसं कळणार? पुढच्या तपासण्या होईपर्यंत धास्ती त्यांनी घ्यायची. माझं परतीचं तिकीट ठरलेलं होतं.

जरा हिशेब करा. दिवसाला दोन इंजेक्शनं, दोनदा बोट टोचून साखर तपासणं, आणि दर वेळी नवी सुई. म्हणजे एका घरातून वर्षाला चौदाशेच्या वर टोकदार वस्तू बाहेर पडतात. आपल्यापैकी किती जणांच्या आईवडिलांना मधुमेह आहे? शिवाय घरी नर्स, घरी सलाइन, घरीच ड्रेसिंग. ही सोय आपण इथून पैसे पाठवून करतो आणि त्याचं समाधानही वाटतं. पण त्यामुळे हॉस्पिटलचा धोकादायक कचरा आपल्या घरात येतो, हे आपल्या लक्षातच येत नाही.

हॉस्पिटलांसाठी भारतात 1998 पासून नियम आहेत. 2016 मध्ये ते आणखी कडक झाले. पिवळा, लाल, पांढरा, निळा असे रंग ठरले. सुयांसाठी पांढरा, न भोसकला जाणारा डबा. घरच्या सुया मात्र घनकचऱ्याच्या नियमांत गेल्या. 2016 च्या त्या नियमांत वापरलेल्या सुया 'घरगुती घातक कचरा' ठरल्या आणि दर 20 चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र असावं असंही लिहिलं गेलं. आमच्या सोसायटीत असं केंद्र कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर आम्ही कधी विचारलंही नव्हतं.

अमेरिकेतही हे शहाणपण आपोआप आलेलं नाही. 1987-88 मध्ये न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कच्या समुद्रकिनाऱ्यांवर सुया वाहून आल्या, लोक खवळले, आणि 1988 मध्ये वैद्यकीय कचऱ्यावर नजर ठेवणारा कायदा झाला. कॅलिफोर्नियात घरच्या सुया साध्या कचऱ्यात टाकायला बंदी आली ती थेट 2008 मध्ये. 2018 च्या कायद्याने तर विल्हेवाटीचा खर्च कंपन्यांवर टाकला. भारतात सुया विकणाऱ्या कंपन्यांकडून हीच मागणी का करू नये?

"त्यात काय, सगळं जाळून टाकावं," असं काही जण म्हणतील. जाळायचं कुठे आणि धूर कोणी प्यायचा? मुंबईत हे गोवंडीच्या वाट्याला आलं. तिथला वैद्यकीय कचरा जाळणारा प्रकल्प दोन वर्षांत हलवा, असा आदेश उच्च न्यायालयाला 2023 मध्ये द्यावा लागला. खरं तर आरोग्यसेवेतला सुमारे 85 टक्के कचरा साधाच असतो. तो उरलेल्या 15 टक्क्यांत मिसळला की सगळाच घातक होतो. म्हणून खरा उपाय मूळ जागीच वेगळं करण्याचा आहे. सुया वेगळ्या जमल्या तर त्या वाफेने निर्जंतुक करून त्यांचे तुकडे करता येतात, जाळाव्या लागत नाहीत.

कचरा वेचणाऱ्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत, हा योगायोग नाही. कचरा आपला आणि जखम त्यांची, ही वाटणी जुनीच आहे. इथे बसून आपण जातिअंतावर चर्चा करतो, ती जरूर करावी. पण आपल्या ओट्याखालचा डबाही त्याच चर्चेचा भाग आहे.

पुण्यातल्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, अशी मोहीम चालवली. खर्च जवळजवळ शून्य, आणि हात घालणाऱ्याला आधीच कळतं. सुयांचंही असंच करता येईल. डिटर्जंटची जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची बाटली घ्या. तीन चतुर्थांश भरली की झाकण लावून चिकटपट्टी गुंडाळा, वर मोठ्या अक्षरात 'सुया' लिहा. मग ज्या दवाखान्याचा कचरा रीतसर उचलला जातो तिथे ती घेतील का, ते विचारा. आईच्या डॉक्टरांनी आधी आढेवेढे घेतले, मग हो म्हणाले. आता आमच्या इमारतीतल्या तीन घरांच्या बाटल्या तिथे जातात.

बाईंच्या पुढच्या तपासण्या ठीक आल्या. आईने फोनवर सांगितलं तेव्हा मला रडू आलं. पण त्यांचं नशीब चांगलं निघालं म्हणून माझी चूक लहान होत नाही.

येत्या रविवारी आईवडिलांना फोन कराल तेव्हा साखर किती आली हे विचारालच. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: सुई कुठे टाकली?