गाल फुगवा, श्वास नाकाने घ्या

कॉटन ग्रीन स्टेशनाजवळ कापूस बाजाराची १९२० च्या दशकातली इमारत अजून उभी आहे. गाठींचा तो व्यापार ओसरला, पण आसपासच्या गोदामांत माल चढवणारे-उतरवणारे हात आहेतच. दुपारच्या विसाव्याला तळहातावर तंबाखू मळली जाते, बोटावरचा चुना तिला लागतो, वरून दोन थापा पडतात आणि गाल नि हिरडी यांच्या मधल्या खाचेत बार भरला जातो. वर्षानुवर्षे त्याच बाजूला, त्याच जागी.

नेमक्या त्याच जागी सुरू होणारा कर्करोग हा आपल्याकडचा नेहमीचा आजार आहे. २०२० च्या ग्लोबोकॅन अंदाजानुसार भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे एक लाख पस्तीस हजारांहून अधिक नवे रुग्ण एका वर्षात आढळले. त्यांतले पुष्कळजण पहिला सीटी स्कॅन गावाजवळच्या केंद्रात काढतात आणि ती पिशवी काखेत मारून परळला, टाटा स्मारक रुग्णालयात येतात. त्या पिशवीतल्या चित्रांवर किती भिस्त ठेवता येते, हा प्रश्न इमेजिंग करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारायला हवा.

साधी गोष्ट घ्या. तोंड मिटून रुग्ण निवांत पडला की गाल हिरडीला चिकटतो. मग गाठ गालातून निघाली की हिरडीतून, हे चित्रात सांगताच येत नाही. लहान गाठ तर दिसतही नाही. रुग्णाला ओठ घट्ट मिटून गालांत हवा धरायला सांगितली की दोन्ही पृष्ठभाग सुटे होतात, मध्ये हवेची काळी फट पडते आणि गाठीचे मूळ उघडे पडते. एका अमेरिकन नियतकालिकात २००१ मध्येच ही पद्धत मांडली गेली. तिला वेगळे यंत्र लागत नाही, जादा पैसा लागत नाही. लागतो तो तंत्रज्ञाचा मिनिटभर वेळ: टेबलावर झोपवण्याआधी स्वतः गाल फुगवून दाखवायचे, श्वास नाकाने घ्यायला सांगायचे, एकदा करून घ्यायचे. तरीही गाल न फुगवता काढलेले स्कॅन आजही सर्रास दिसतात. हे थांबले पाहिजे.

दुसरी गोष्ट अहवालाची. ‘मॅस्टिकेटर स्पेस बाधित’ एवढेच लिहून रेडिओलॉजिस्ट मोकळा झाला, तर प्रचलित वर्गीकरणात रुग्ण थेट टी-फोर-बी गटात जातो आणि शस्त्रक्रियेचे दार बंद झाल्यासारखे होते. पण तैवानमधल्या आणि भारतातल्या शल्यचिकित्सकांचा अनुभव असा, की आजार मँडिब्युलर नॉचच्या खालीच थांबलेला असेल तर तो पूर्ण काढता येऊ शकतो. वर चढला असेल तर चित्र पालटते. म्हणून नॉचच्या वर की खाली, मीडियल टेरिगॉइड स्नायू कुठवर बाधित आहे, फोरामेन ओव्हेलकडे मज्जातंतूच्या वाटेने पसरणे दिसते का, हे शब्दांत यायला हवे. एका ओळीवर एखाद्याची शस्त्रक्रिया अवलंबून असते. हाडाचा बाहेरचा पापुद्रा कुरतडला गेला आहे का, ते सीटी चांगले दाखवते. मज्जेतला प्रसार आणि जिभेतली खोली यांसाठी एमआरआय बरा.

चित्राची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे लिहावी. टाटा स्मारकात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी केलेला, २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सगळ्यांना ठाऊक आहे. मानेत गाठ न लागणाऱ्या, सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांमध्ये मानेच्या ग्रंथी आधीच काढल्या तेव्हा तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते. गाठ उमटल्यावर काढल्या तेव्हा ६७.५ टक्के. आधीच काढलेल्या मानांपैकी सुमारे तीस टक्क्यांत सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोग सापडला. सोनोग्राफीत ‘मान स्वच्छ’ दिसली म्हणून शस्त्रक्रिया टाळायची नाही, याचे इतके मोठे कारण आपल्याच शहरातून आले आहे.

उलट पेट-सीटी शस्त्रक्रिया वाचवूही शकतो. ब्रिटनमधल्या ५६४ रुग्णांच्या, २०१६ च्या चाचणीत केमो-रेडिएशननंतर बारा आठवड्यांनी पेट-सीटी करून गरज असलेल्यांचीच मान उघडली. जगण्याचे प्रमाण घटले नाही आणि बहुतेकांची शस्त्रक्रिया टळली. पण पेट-सीटी बारा आठवड्यांच्या आत केला तर रेडिएशनची सूजही चकाकते आणि रुग्ण नाहक घाबरतो.

आता चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना विनंती. गाठ कोणत्या बाजूला, तोंड किती बोटे उघडते, बायोप्सी कधी झाली, आधी शस्त्रक्रिया झाली का, एवढे चार शब्द फॉर्मवर हवेतच. बायोप्सीनंतरची सूज गाठीसारखीच दिसते. तारीख नसेल तर वाचणारा फसतो. आणि स्कॅन केंद्रांनी रुग्णाच्या हाती निवडक फिल्मा देऊन भागवू नये. सीडीवर मूळ डायकॉम संच, पातळ छेदांसह, द्यावा. नाहीतर दूरवरून आलेल्या माणसाला परळला पोचल्यावर पुन्हा रांगेत उभे राहावे लागते, पुन्हा शिरेतून कॉन्ट्रास्ट घ्यावे लागते, आणि दादरच्या धर्मशाळेत आणखी काही दिवस मुक्काम वाढतो.