तळटीपेतला घोडा

मी केलेल्या एका कथेच्या अनुवादाला संपादकांनी तळटीप जोडली होती : 'घोडा – सामाजिक प्रतिष्ठेचे प्रतीक.' मी ती काढायला सांगितली, आणि त्यावरून आमचा वाद झाला. तो इथे मांडते, कारण तो एका टीपेपुरता नाही.

कथेतला तरुण दलित आहे आणि तो घोडा विकत घेतो. एवढे कळले की आपण वाचक लगेच शहाणे होतो. घोडा म्हणजे सत्ता, त्यावर बसणे म्हणजे बंड! मग त्या घोड्याचा चारा, खरारा, झिजलेली नाल, मालकाची चाहूल लागताच टवकारलेले कान, हे काहीच आपल्याला दिसत नाही. जमीनदाराच्या मुलाने घोडा पाळला की मात्र आपण त्याला 'छंद' म्हणतो. एकाच्या वाट्याला आनंद आणि दुसऱ्याच्या वाट्याला फक्त प्रतिष्ठा, ही वाटणी कोणी केली?

मार्च २०१८मध्ये गुजरातच्या भावनगर जिल्ह्यातल्या टिंबी गावात २१ वर्षांच्या एका दलित तरुणाचा खून झाला. सुमारे दोन महिन्यांपूर्वी त्याने घोडा घेतला होता. त्यावरून धमक्या येत होत्या. मुलगा घोडा विकायला निघाला होता, पण मीच त्याला विकू नको म्हणालो, असे वडिलांनी सांगितले. पोलिसांनी खुनाची इतर कारणेही तपासली. मला मात्र त्या बापाचे 'विकू नको' विसरता येत नाही. प्रतीक जपण्यासाठी कुठला बाप मुलाला असे सांगेल? मुलाचा त्या जनावरावर किती जीव आहे, हे त्याने रोज पाहिले असणार.

यावर सुसंस्कृत उत्तर तयार असते : सुख काय मालकीत असते? मग टॉलस्टॉयची साक्ष काढली जाते. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'खोल्स्तोमेर' या कथेत एक म्हातारा घोडा माणसांच्या 'माझे' या शब्दाचे नवल करतो. ज्यांनी मला आपला घोडा म्हटले ते माझ्यावर बसलेच नाहीत, असे त्याचे म्हणणे. मालकीच्या हव्यासावरची ही टीका मलाही पटते. पण ती लिहिणाऱ्या टॉलस्टॉयकडे स्वतःचे घोडे होते, समारा प्रांतात घोड्यांची पैदासही होती. सोडायचे तर आधी हाती असावे लागते. ज्याला घोडा घेऊच दिला जात नाही, त्याला निर्मोहाचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे महत्त्व सांगणे आहे.

शिवाय साक्ष काढणारे कथेचा दुसरा भाग सोयीने विसरतात. खोल्स्तोमेर उत्तम वंशाचा, वेगाने पळणारा. पण अंगावर ठिपके आहेत म्हणून तो हलका ठरतो, धन्याच्या पागेत त्याला मान मिळत नाही. गुण धावण्यात आणि निवाडा कातडीवरून! हे भारतीय वाचकाला टीपेशिवाय कळायला हवे.

प्रतिष्ठा आणि सुख यांना वेगळे काढणे त्यांनाच जमते, ज्यांची प्रतिष्ठा जन्मापासून शाबूत असते. बाकीच्यांना घोड्यावर बसल्यावर वारा लागतो तो आणि गावाची नजर लागते तीही, दोन्ही एकाच वेळी. त्यातले नजरेचे तेवढे उचलायचे आणि वारा सोडून द्यायचा, हे अर्धवट वाचन झाले. अत्याचार करणारा म्हणतो, हा मिरवतो आहे. आपण सहानुभूतीने का होईना, तेच म्हणतो.

संपादकांना मी शेवटी एवढेच लिहिले : टीप द्यायचीच असेल तर घोड्याला नको, गावाला द्या. 'या गावात घोडा कोणी पाळावा हे जातीवरून ठरते.' घोडा काय असतो ते वाचकाला माहीत आहे.